वैद्यकीय इच्छापत्र: घरातल्या बोलण्यापासून आवक शिक्क्यापर्यंत

अण्णांच्या कपाटात एक निळी वही होती. बँकेची पासबुकं कुठे आहेत, विम्याचे हप्ते कधीचे, घरपट्टीच्या पावत्या कोणत्या फायलीत, गेल्यावर कुणाकुणाला कळवायचं, दहाव्याला किती पानं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. इतकी निरवानिरव करून ठेवणारा माणूस मेंदूतल्या रक्तस्रावानंतर सतरा दिवस आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघा भावंडांना बाहेर बोलावून विचारलं, "पुढे काय करायचं ठरवलंय?" आमची तीन उत्तरं आली. तिघंही अण्णांवर जीव टाकणारे, आणि तिघांपैकी एकालाही अण्णांना काय हवं होतं ते माहीत नव्हतं. वहीत तेवढं एक पान नव्हतं.

ते पान कसं लिहायचं, त्याला कायद्याचं बळ कसं द्यायचं आणि वेळ आली की ते कसं वापरलं जातं, ते इथे सांगतो. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. आईचं आणि माझं इच्छापत्र करताना जे वाचलं, विचारलं आणि ज्यासाठी खेटे घातले, ते हे.

आधी शब्द नीट लावून घ्या

इच्छामरण, दयामरण, स्वेच्छामरण हे शब्द आपण एकाच दमात वापरतो आणि मग चर्चा भांडणावर जाते. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, डॉक्टरने इंजेक्शन देऊन रुग्णाचं आयुष्य संपवणं, किंवा रुग्णाने स्वतः घ्यावं म्हणून औषध देणं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून याला कायद्याच्या चौकटीत परवानगी आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७ पासून फक्त दुसरा प्रकार चालतो, म्हणजे औषध रुग्णानेच घ्यायचं. भारतात हे दोन्ही गुन्हे आहेत. दक्षिण मुंबईतल्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने, गंभीर आजार नसतानाही, सन्मानाने मरण मिळावं म्हणून राष्ट्रपतींना पत्र लिहिलं होतं, ते पुष्कळांना आठवत असेल. त्यांची मागणी या पहिल्या प्रकारातली होती.

दुसरी, शुद्धीत असलेल्या माणसाने उपचार नाकारणं. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकारानंतर अन्न, पाणी आणि औषध थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यामागची त्यांची धारणा आध्यात्मिक होती. पण साधा सज्ञान माणूसही केमोथेरपी नको, ऑपरेशन नको असं म्हणू शकतो, आणि डॉक्टरला ते मानावं लागतं.

तिसरी आपल्या कामाची. माणूस बोलू शकत नाही, बरं होण्याची आशा नाही, आणि यंत्रं व औषधं फक्त मरण लांबवत आहेत. अशा वेळी ती सुरू न करणं किंवा काढून घेणं. कायद्याच्या भाषेत याला निष्क्रिय दयामरण म्हणत आले. मला हा शब्द पटत नाही. यात कोणी मारत नाही, आजार आपल्या गतीने जातो. वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात, ते या तिसऱ्या प्रसंगासाठीच असतं.

वादाबद्दल माझं मत इथेच सांगून टाकतो. पहिल्या प्रकाराचा कायदा आपल्याकडे आज आला तर मला भीती वाटेल. औषधाला पैसे नाहीत आणि मुलांना रजा नाही, म्हणून "मी आता कशाला उरलोय" असं म्हणणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची इच्छा खरी किती आणि अपराधीपणाची किती, हे कोण ठरवणार? उलट बाजूने, वर्षानुवर्षं यातना भोगणारा माणूस "माझ्या देहावर माझा हक्क नाही का?" असं विचारतो, तेव्हा माझ्याकडे सरळ उत्तर नसतं. हा वाद चालू राहील, राहावा. पण तिसऱ्या प्रकारासाठी कायदा आहे, आणि त्याचा कागद आपल्यापैकी फारच थोड्या घरांत आहे.

हा हक्क कुठून आला

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण नोटरीपासून नातेवाइकांपर्यंत प्रत्येकजण "हे कायदेशीर आहे का?" असं विचारतो.

१९८६ मध्ये मारुती दुबळ या मुंबईच्या पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या ग्यान कौर निकालात मात्र जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असं म्हटलं. त्याच निकालात, आयुष्य संपतच आलं असताना सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असू शकतो, अशी एक फटही ठेवली.

मग परिचारिका अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी मुंबईच्या केईएम रुग्णालयात वॉर्डबॉयने तिच्यावर पाशवी हल्ला केला. त्यानंतर ती ४२ वर्षं त्याच रुग्णालयात पडून होती. तिचं अन्न थांबवू द्यावं अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाला तत्त्वतः मान्यता दिली. अरुणाच्या बाबतीत निर्णयाचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, आणि त्यांना ती हवी होती. पिढ्यान्‌पिढ्या परिचारिकांनी तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली. १८ मे २०१५ रोजी ती न्यूमोनियाने गेली. दयामरणाच्या बाजूने बोलताना त्या परिचारिकांना मी कधीच विसरू शकत नाही. वादाच्या दोन्ही बाजूंना माया असू शकते, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये धरला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून ते कागदावरच राहिलं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने पद्धत सोपी केली. खालच्या पायऱ्या या सोप्या पद्धतीच्या आहेत.

पायरी पहिली: बोला

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, आणि ती गाळून थेट नोटरीकडे जाणाऱ्यांचा कागद ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

आपल्याकडे मरणाचा विषय काढला की "अभद्र बोलू नकोस" म्हणतात. मी आईला सरळ विचारलं नाही. अण्णांच्या त्या सतरा दिवसांबद्दल विचारलं: "तुला त्यातलं सगळ्यात कशाचं वाईट वाटलं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांचे हात बांधले होते. नळी ओढतील म्हणून." तिथून आमचं बोलणं सुरू झालं. तुमच्या घरातही असा एखादा आजोबा, मावशी, शेजारी असेलच ज्यांचे शेवटचे दिवस सगळ्यांनी पाहिलेत. तिथूनच सुरुवात करा.

काय विचारायचं? शुद्ध हरपली आणि परत येणार नसेल तर काय नको? माणसं ओळखता येत नसतील तर? जगण्यातली कोणती गोष्ट गेली तर जगणं तुझं राहणार नाही? शेवट घरी हवा की दवाखान्यात? आईने या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला अपेक्षित होतं त्याच्या उलट दिलं. तिला दवाखाना हवा, कारण "घरी तुमचे हाल होतील आणि मला दुखलं तर तुम्हाला काही करता येणार नाही." विचारलं नसतं तर आम्ही मोठ्या प्रेमाने तिला घरी आणलं असतं.

एक सावधगिरी. बोलताना समोरच्या माणसाला आत्ताच, चालत्या-फिरत्या अवस्थेत जगणं नकोसं झालंय असं जाणवलं, तर इच्छापत्र बाजूला ठेवा. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा फोन क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मन स्थिर झाल्यावरच कागदाकडे वळा.

पायरी दुसरी: डॉक्टरांकडून उपचारांचे अर्थ समजून घ्या

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे अर्ध्या तासाची वेळ मागा आणि प्रत्येक उपचाराबद्दल विचारा. छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न म्हणजे सीपीआर. तरुण माणसाला अचानक झटका आला तर तो जीव वाचवतो, पण ऐंशीच्या पुढच्या, कर्करोग हाडांत पसरलेल्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात आणि तो परतण्याची शक्यता अगदी थोडी असते. व्हेंटिलेटर न्यूमोनियातून सावरेपर्यंत आधार देतो. मेंदू कायमचा गेला असेल तर तो नुसताच श्वास चालवतो. डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधं, नाकातून किंवा पोटात घातलेली अन्नाची नळी, वारंवारची प्रतिजैविकं, यांपैकी प्रत्येकाचा "कधी हवं, कधी नको" असा वेगळा विचार करा.

"मला व्हेंटिलेटर नको" एवढंच लिहिणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. बरा होणारा आजार असेल तर तो हवाच.

पायरी तिसरी: तुमच्या वतीने बोलणारा माणूस ठरवा

इच्छापत्रात अशा पालकाचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव लागतं. २०२३ पासून एकापेक्षा जास्त नावं देता येतात.

इथे आपण मानपानाचा विचार करतो: थोरल्याचं नाव घातलं नाही तर त्याला काय वाटेल? तो विचार सोडा. ज्याला तुमचं म्हणणं पटलेलं आहे, जो आयसीयूच्या दारात रडतानाही ते सांगू शकेल, आणि जो दोन तासांत पोचू शकेल, तो माणूस निवडा. तो मुलगाच असला पाहिजे असं नाही. आईने पहिलं नाव माझ्या धाकट्या बहिणीचं घातलं, दुसरं माझं. थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला वाईट वाटलं, पण आईने स्वतः व्हिडिओ कॉलवर कारण सांगितलं म्हणून ते तिथेच मिटलं. परदेशात मुलं असलेल्या घरांनी ही पायरी मुळीच गाळू नये. "तो येईपर्यंत ठेवा" या एका वाक्यापायी माणूस यंत्रावर दिवसचे दिवस राहतो. मुलाचं येणं महत्त्वाचं आहेच, म्हणूनच किती दिवस थांबायचं ते आईवडिलांनीच लिहून ठेवावं.

पायरी चौथी: मजकूर

न्यायालयाने ठरावीक नमुना दिलेला नाही, पण काय असलंच पाहिजे ते सांगितलं आहे. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीत आहे, दबावाखाली नाही, परिणाम त्याला समजले आहेत, कोणत्या परिस्थितीत कोणता उपचार नको ते निःसंदिग्ध लिहिलं आहे, आपण हे केव्हाही रद्द करू शकतो याची त्याला जाणीव आहे, आणि त्याच्या वतीने निर्णय देणाऱ्याचं नाव आहे. मजकूर मोघम असेल तर वैद्यकीय मंडळ तो अमलात आणत नाही, आणि इच्छापत्र नसलेल्या रुग्णाची पद्धत लागू होते.

आमच्या कागदाचा गाभा साधारण असा:

"मी, … , वय … , राहणार … , पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे वैद्यकीय इच्छापत्र करीत आहे. मला बरा न होणारा अंतिम टप्प्यातला आजार असेल, अथवा मेंदूला अशी इजा झाली असेल की शुद्ध परत येण्याची आशा नाही, आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर पुढील उपचार सुरू करू नयेत व सुरू असल्यास काढून घ्यावेत: सीपीआर, व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधे. नळीवाटे अन्न देण्याबाबत माझी इच्छा अशी: … . वेदना, धाप व घुसमट कमी करणारे उपचार कोणत्याही परिस्थितीत थांबवू नयेत, त्यामुळे गुंगी आली तरी चालेल. या निर्णयांस संमती देण्याचा अधिकार मी … व त्यांच्या अनुपस्थितीत … यांना देत आहे. या इच्छापत्राचे परिणाम मला समजले आहेत. ते मी केव्हाही लेखी रद्द करू शकतो, हे मला माहीत आहे."

वेदनाशमनाचं वाक्य विसरू नका. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला टाकून देणं नव्हे, हे कागदावरच असू द्या. नळीच्या अन्नाबद्दल स्वतंत्र ओळ लिहा, कारण घराघरांत भांडणं तिथेच होतात. "उपाशी कसं ठेवायचं?" हा प्रश्न आपल्या मनात फार खोल रुजलेला आहे.

मालमत्तेचं मृत्युपत्र यात मिसळू नका. अवयवदान आणि देहदान यांचे फॉर्मही वेगळे असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं आगाऊ निर्देशपत्रही वेगळं, ते मनोविकाराच्या उपचारांपुरतं आहे.

पायरी पाचवी: सह्या

दोन साक्षीदार लागतात, शक्यतो घराबाहेरचे. वारसा हक्क असलेल्याला साक्षीदार करू नका. त्यांच्यासमोर सही करायची आणि कागद नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचा. सही स्वखुशीने झाली याची खात्री पटल्याचं साक्षीदार आणि नोटरी दोघांनीही लिहायचं असतं. पुष्कळ नोटरींनी असा कागद पाहिलेला नसतो. आमच्या नोटरींनी आधी मान हलवली. २०२३ च्या आदेशाची छापील प्रत दाखवल्यावर ते शांतपणे वाचत बसले, आणि मग स्वतःच्या आईसाठी मजकुराची एक प्रत मागून घेतली. तुम्हीही ती प्रत बरोबर न्या.

पायरी सहावी: प्रती कुठे द्यायच्या

एक प्रत नाव दिलेल्या नातेवाइकाकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अभिरक्षकाकडे. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी हे कागद सांभाळणारा अधिकारी नेमायचा आहे. तो नेमलाच जात नव्हता. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा राज्यात हे अधिकारी नेमले गेले. मुंबईत हे काम विभाग कार्यालयातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आहे. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. गोव्यातलं ते पहिलं. न्यायमूर्तीने स्वतः पुढे होऊन सही करणं, याचं मोल मला फार वाटतं.

आमच्या शहरात मात्र पहिल्या खेपेला कोणालाच काही माहीत नव्हतं. मला तीन टेबलांवर फिरवलं. शेवटी साधा अर्ज लिहिला, आदेशाची प्रत आणि इच्छापत्र जोडलं आणि आवक-जावक खिडकीवर दिलं. तुमच्यावर ही वेळ आली तर हेच करा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. डिजिटल आरोग्य नोंदीतही इच्छापत्र जोडता येतं.

मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही. मेडिक्लेमच्या फायलीत वरच लावा, आणि फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

प्रसंग आला की

कागद दाखवला आणि लगेच व्हेंटिलेटर निघाला, असं होत नाही, होऊही नये. उपचार करणारे डॉक्टर आधी कागद खरा आहे का ते तपासतात. मग रुग्णालय प्राथमिक मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. त्यांचं मत "थांबवावं" असं आलं, तर दुय्यम मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. त्यांनाही शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळांचं एकमत आणि नेमलेल्या नातेवाइकाची संमती झाली की रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतं. फक्त कळवायचं असतं, परवानगी लागत नाही. मंडळाने नकार दिला तर नातेवाईक, डॉक्टर किंवा रुग्णालय उच्च न्यायालयात जाऊ शकतात.

रुग्णालय म्हणेल, "आमच्याकडे असं काही करत नाहीत." तेव्हा भांडू नका. अर्ज लेखी द्या: "सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमावे." आणि पोच मागा.

इच्छापत्र नसलं तरी दार बंद नाही. हीच दोन मंडळं जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने निर्णय घेऊ शकतात. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही. आमच्यासमोर दोनच पर्याय ठेवले: चालू ठेवा, नाहीतर "आपल्या जबाबदारीवर" सही करून घेऊन जा. दुसरा पर्याय अगणित कुटुंबं निवडतात. अँब्युलन्समध्ये हाताने श्वासाचा फुगा दाबत घरी नेतात, आणि घरी वेदना शमवणारं मॉर्फिन नसतं, परिचारिका नसते, धाप लागलेल्या माणसाला द्यायला काहीच नसतं. हे टाळता येतं. उपचार थांबवण्याआधी उपशामक सेवेच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. परळच्या टाटा रुग्णालयात हा विभाग आहे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन मिळण्याचे नियमही सुटसुटीत झालेत. जिल्ह्याच्या गावी ही सेवा फार विरळ आहे. इच्छामरणाच्या बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्या सगळ्यांनी मिळून ही एक मागणी लावून धरावी, असं मला कळकळीने वाटतं.

बदलायचं असेल तर

शुद्धीत आहात तोवर केव्हाही बदला. फक्त बदल तोंडी चालत नाही. पुन्हा लेखी, दोन साक्षीदार, नोटरी, तोच क्रम. दोन इच्छापत्रं निघाली तर शेवटची वैध सही असलेलं धरतात.

मागच्या वर्षी आईचं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि वॉर्डात डायलिसिसवरच्या बायका तिने जवळून पाहिल्या. त्यातली एक तिला रोज भेंडीच्या भाजीची कृती सांगायची. घरी आल्यावर आई म्हणाली, "डायलिसिसचं ते वाक्य बदलायचं. पंधरा दिवस करून बघा, मी ओळखायला लागले तर चालू ठेवा." आम्ही पुन्हा नोटरींकडे गेलो. नवा कागद झाला, जुन्या प्रती सगळ्यांकडून परत घेतल्या, आणि महापालिकेच्या खिडकीवर या वेळी बाईंनी स्वतःच विचारलं, "इच्छापत्र का? द्या इकडे." त्यांनी शिक्का मारला.